वाघ्याचं खरं वय आणि खरा खर्च

पिल्लाची किंमत कमी करा म्हणून मी तासभर घासाघीस करत होते आणि समोरचा माणूस हसत हसत कमी करतही गेला. तो का हसत होता ते मला सात महिन्यांनी कळलं.

जर्मन शेफर्ड पाहिजे हे माझं लहानपणापासूनचं वेड. त्याने पाठवलेला व्हिडिओ बघितला, सहा पिल्लं एका निळ्या बादलीभोवती धडपडतायत, शेजारी एक धिप्पाड कुत्री पाय पसरून बसलीय, झालं, मी तिथेच विरघळले. फोनवर मी सगळं नीट विचारलं असं मला तेव्हा वाटलेलं. वय? साठ दिवस पूर्ण, ताई. लस? पहिली झालीय. आईबाप? दोघं टेस्टेड, हिप, म्हणजे खुब्याचा सांधा, एकदम क्लिअर. बोन? डबल बोन, म्हणजे म्हणे जाड हाडांचं. महिन्याचा खर्च किती येतो विचारलं तर म्हणाला, कसला खर्च ताई, घरात शिजतं तेच खातं, फक्त जागा द्या. आम्ही दोघं नोकरीवाले, कुत्रं पाळायची पहिलीच वेळ, आम्हाला हेच ऐकायचं होतं.

घ्यायला गेलो तर पिल्लू खोक्यात घालून दारातच तयार. आई बघू म्हटलं तर "ती दुसरीकडे नेलीय, आज नाही भेटणार". इथेच मागे फिरायला हवं होतं, पण पिल्लू एकदा हातात आलं की माणसाचं डोकं चालत नाही आणि विकणाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. लशीचं कार्ड दिलं, त्यावर पंधरा दिवसांपूर्वीची तारीख आणि एक गिचमिड सही. सोबत कॅल्शियमची बाटली, तिचे पैसे वेगळे, हाडं जाड होतात म्हणे. कागदपत्रं महिन्याभरात पाठवतो म्हणाला, ती अजून येतायत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून बघितलं आणि विचारलं, किती दिवसांचं म्हणून दिलंय? साठ म्हटल्यावर दोन मिनिटं गप्पच झाले. आठ आठवड्यांच्या पिल्लाला साधारण सगळे २८ दुधाचे दात आलेले असतात, याच्या दाढा आत्ता कुठे हिरडीतून डोकावत होत्या, म्हणजे फार तर पाच आठवडे. म्हणजे कार्ड खरं मानलं तर लस तीन आठवड्यांच्या बाळाला टोचली, आणि त्या वयात आईच्या दुधातून आलेल्या अँटिबॉडीज लशीला काम करूच देत नाहीत, सहा आठवड्यांच्या आधी सहसा देत नाहीत ते त्यासाठीच. बहुतेक टोचलीच नसावी, कारण लशीच्या बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर कार्डावर नव्हतंच. कॅल्शियमची बाटली त्यांनी सरळ कचऱ्यात टाकली. मोठ्या जातीच्या पिल्लाला पपी फूडवर वरून कॅल्शियम दिलं की हाडांची वाढच बिघडू शकते. आणि डबल बोन असं काही नसतं हो, हाडं सगळ्या कुत्र्यांना सिंगलच असतात.

पाचव्या दिवशी रक्ताचे जुलाब. पार्वो, पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा जीवघेणा व्हायरस. सहा दिवस सलाईन, मी आणि नवरा आळीपाळीने रजा टाकून बसलेलो. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे आमची गॅरंटी तीन दिवसांची. आता गंमत बघा, पार्वोची लक्षणं दिसायलाच लागण झाल्यापासून बहुतेक वेळा ३ ते ७ दिवस जातात. तीन दिवसांचा आकडा उगाच नाही ठरवलेला.

वाघ्या वाचला, आणि मग तो वाढायला लागला! आता ३२ किलोचा आहे. रोजचं चारशे-साडेचारशे ग्रॅम कोरडं फूड, १५ किलोची पिशवी जेमतेम महिनाभर पुरते. पण खाण्याचा हिशोब तरी आधी मांडता येतो. जंताच्या गोळ्या, गोचिडाच्या गोळ्या, भुलीचं औषध हे सगळं किलोवर ठरतं हे मला कोण सांगणार होतं? क्रेट, म्हणजे त्याचा पिंजरा, तीनदा बदलला, पट्टे मोजायचे सोडून दिले. गावाला जायचं तर बोर्डिंगवाले आधी वजन विचारतात आणि मग दर सांगतात. आणि ही मेंढ्या राखणाऱ्याची जात आहे, दिवसाला दीड-दोन तास व्यायाम आणि वर डोक्याला काम लागतं, ते मिळालं नाही की सोफा जातो, आमचा गेला. म्हणून ट्रेनर, म्हणून दुपारी फिरवायला माणूस.

सातव्या महिन्यात तो पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकायला लागला. आम्ही हसायचो, व्हिडिओ काढायचो, आता ते व्हिडिओ बघवत नाहीत. गुंगी देऊन एक्सरे काढला, हिप डिसप्लेजिया, दोन्ही बाजूंनी. खुब्याचा गोळा वाटीत नीट बसतच नाही. इन्शुरन्स मी त्यानंतर काढायला गेले, तर आधीपासूनचा आजार कव्हर होत नाही. पूर्ण सांधा बदलायचं ऑपरेशन असतं, त्याचा आकडा ऐकून आम्ही न बोलता घरी आलो. सध्या वेदनेच्या गोळ्या, त्या किडनी-लिव्हरला झेपतायत का हे बघायला ठराविक दिवसांनी रक्ततपासणी, आणि शक्य होईल तेव्हा पोहणं. ज्याला दोन तास पळायचंय त्याला पट्ट्यावर हळूहळू चालवत आणायचं, दारात येऊन तो वळून बघतो, झालं एवढंच? खर्चापेक्षा हे जास्त लागतं.

पिल्लू विकणाऱ्या त्या माणसाला एक्सरे पाठवला आणि आईबापाचे हिपचे रिपोर्ट मागितले. त्याने दोघांची रेबीजच्या लशीची सर्टिफिकेटं पाठवली. हेच त्याचं "टेस्टेड". हिपचा रिपोर्ट म्हणजे मोठ्या कुत्र्याचा, वर्ष-दोन वर्षं पूर्ण झाल्यावर काढलेला, ग्रेड लिहिलेला एक्सरे, आणि तो मायक्रोचिपच्या १५ आकडी नंबरला जोडलेला पाहिजे, नाहीतर कुठल्याही कुत्र्याचा दाखवतील. आठ आठवड्यांचं पिल्लू "हिप फ्री" आहे असं कोणी म्हणालं तर तिथेच उठा, त्या वयात ते कोणालाच सांगता येत नाही. मी भांडले, तर म्हणाला तुम्ही फरशीवर घसरवलं असेल, आणि मग एकदम गोड आवाजात, बरं ताई परत आणून द्या, दुसरं देतो, सेम जोडीचं. सेम जोडीचं! सात महिने उशाशी झोपलेलं पोर कोणी परत देत नाही हे त्याला माहितीय, म्हणून तो ही ऑफर बिनधास्त देतो. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं.

गेल्या महिन्यात माझ्या भावाने स्वतःच्या नंबरवरून त्या माणसाला सहज विचारलं, शेफर्डचं पिल्लू आहे का. लगेच व्हिडिओ आला. सहा पिल्लं, तीच कुत्री, तीच निळी बादली. वय विचारलं तर साठ दिवस पूर्ण.