टोटल स्टेशन की ड्रोन: उताराच्या जमिनीच्या सर्वेक्षणाचा खर्च

कोकणात उताराच्या जागेवर घर बांधण्यापूर्वी जमिनीच्या चढउतारांचा नकाशा लागतो. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी हद्दी दाखवते, उतार दाखवत नाही. म्हणून हा खर्च वेगळा धरावा लागतो.

टोटल स्टेशन म्हणजे तिवईवर बसवलेले, कोन आणि अंतर मोजणारे यंत्र. त्याच्या कामात एक जण यंत्रावर असतो आणि दुसरा यंत्राचा किरण परतवणाऱ्या प्रिझमची काठी घेऊन बांध, विहीर, गडगा अशा प्रत्येक बिंदूवर जाऊन उभा राहतो. त्यामुळे पैसे मुख्यतः दिवसांचे जातात, आणि कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, उंचीच्या १ मीटर फरकाऐवजी अर्ध्या मीटरवर मागितले की बिंदू वाढून दिवसही वाढतात. रान दाट असेल, तर यंत्राची नजर मोकळी करण्यासाठी झाडी तोडण्याची मजुरी वेगळी पडते.

ड्रोनचा हिशेब निराळा आहे. चालक, जमिनीवरचे नियंत्रण बिंदू (अचूक मोजून ठेवलेल्या खुणा) आणि येण्याजाण्याचा खर्च एका एकरालाही फारसा कमी होत नाही, परंतु क्षेत्र वाढेल तसा एकरी दर उतरत जातो. मात्र कॅमेऱ्याला काजूच्या पानांखालची माती दिसत नाही. तिथे हाती येते ती झाडाच्या माथ्याची उंची, आणि तिच्यावर जोत्याची पातळी ठरवणे धोक्याचे आहे. लायडारचे, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या उपकरणाचे, किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचतात, पण त्याचे दर बरेच चढे असतात.

दोन-तीन एकरांच्या झाडीच्या जागेला मी टोटल स्टेशनच सुचवेन, मोकळ्या सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) पन्नास एकरांना ड्रोन. दरपत्रकात कंटूरचे अंतर आणि रानसफाई कोणाकडे, हे लेखी घ्यावे.