‘थायरॉइड मुळापासून बरा’ म्हणत मला स्टेरॉइड चारलं

‘ॲड्रिनल सपोर्ट’, ‘कॉर्टिसॉल बॅलन्स’ अशा नावाखाली बिनलेबलच्या डब्यातल्या कॅप्सूल तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कोणी घेत असेल, तर पुढचं वाचण्याआधी एवढं ऐका. त्या आपल्या मनाने एकदम बंद करू नका. डबा पिशवीत टाका आणि एमडी मेडिसिन किंवा हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा. का, ते सविस्तर लिहिते. लांबेल, पण लिहायला हवंच.

मी सांगलीची, पतसंस्थेत कॅशवर बसते. धाकट्याच्या बाळंतपणानंतर थायरॉइड निघाला. अँटी टीपीओ वाढलेलं होतं, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या ग्रंथीवर उलटलेली. रोज सकाळी ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू होती. टीएसएच (थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारा हार्मोन) चारच्या आसपास यायचा, पण अंगात त्राण नसायचं. दुपारी तीन वाजले की नोटा मोजता मोजता डोळे मिटायचे. नाहून आले की मोरीच्या जाळीत केसांचा पुंजका. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणायचे, “नॉर्मल आहे, जरा चालत जा.” दिवसभर राबून घरी स्वयंपाकाला उभ्या राहणाऱ्या बाईला हे वाक्य फार लागतं. असले लोक नेमके याच जागी येऊन उभे राहतात.

नणंदेच्या ओळखीतून मला एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. ग्रुप पुण्याच्या एका मॅडमचा. नावापुढे ‘सर्टिफाइड हार्मोन कोच’, डॉक्टरकीची कुठलीच पदवी नाही. पहिल्या व्हिडिओ कॉलवर त्यांनी तासभर माझं ऐकून घेतलं, झोपेपासून पाळीपर्यंत सगळं विचारलं. मग म्हणाल्या, “ताई, तुमचा थायरॉइड बिघडलेलाच नाही. तुमची ॲड्रिनल थकलीय. ती थकली की शरीर थायरॉइडला मुद्दाम मंद करतं. आधी ॲड्रिनल, मग थायरॉइड.” तीन महिन्यांच्या प्रोग्रॅमचे २४ हजार, तेही त्यांच्या वैयक्तिक खात्यावर, यूपीआयने. बिल मागितलं तर ‘वेलनेस कन्सल्टेशन’ असं लिहिलेली एक पीडीएफ आली.

ॲड्रिनल म्हणजे दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या छोट्या ग्रंथी. कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड हार्मोन, त्यातच तयार होतं. या ग्रंथी खरोखर निकामी होतात, त्याला ॲडिसनचा आजार म्हणतात. थॉमस ॲडिसन या इंग्रज डॉक्टरांनी १८५५ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि आपल्याकडे क्षयरोग हे त्याचं एक मोठं कारण आहे. त्यात माणूस वाळत जातो, कातडी काळवंडते, बीपी उतरतं, उलट्या होतात. ‘ॲड्रिनल फटीग’ ही वेगळीच गोष्ट. हे नाव १९९८ मध्ये जेम्स विल्सन या अमेरिकी निसर्गोपचारकाने रूढ केलं. २०१६ मध्ये ब्राझीलच्या दोन संशोधकांनी त्यावरचे ५८ अभ्यास तपासले आणि असा आजार असल्याचा आधार सापडत नाही, असा निष्कर्ष काढला. अमेरिकेतल्या हार्मोनतज्ज्ञांची मोठी संघटनाही हे निदान मानत नाही. थकवा खरा असतो, त्याला दिलेलं हे नाव खोटं आहे.

पण मॅडमच्या बोलण्यात एक खरा धागा होता, म्हणून ते पटायचं. ज्याला खरोखर ॲडिसन आहे, त्याला आधी कॉर्टिसॉलची गोळी द्यावी लागते आणि नंतर थायरॉइडची, नाहीतर जिवावर बेततं. वैद्यकातला हा नियम उचलून त्या सरसकट प्रत्येक दमलेल्या बाईला लावत होत्या.

मग लाळेची तपासणी झाली. साडेसात हजार रुपये, चार नळ्या, दिवसातून चार वेळा थुंकी गोळा करायची. रिपोर्टमध्ये एक रंगीत आलेख आला आणि त्यावर ‘स्टेज थ्री’. लाळेतल्या कॉर्टिसॉलची तपासणी खरी असते, पण ती रात्री उशिराचं कॉर्टिसॉल वाढलंय का, म्हणजे कुशिंगचा आजार आहे का, हे पाहायला वापरतात. थकव्याच्या पायऱ्या त्यातून निघत नाहीत.

आहाराचा तक्ता आला. गहू बंद, दूध-दही बंद, कोबी-फ्लॉवर बंद, सोयाबीन बंद. आयोडीनचं मीठ बंद, सैंधव चालू. उठल्या उठल्या नारळपाणी, मोसंबीचा रस आणि त्यात अर्धा चमचा सैंधव. थायरॉइड हार्मोन आयोडीनशिवाय बनतच नाही आणि सैंधवात ते मिसळलेलं नसतं, हे ग्रुपमध्ये कोणी काढलंच नाही. शिजवलेल्या कोबीच्या भाजीने तर थायरॉइड बिघडत नाही. भाकरी मात्र मला मानवली, ती अजून चालू ठेवलीय.

यानंतर खरा धंदा सुरू झाला. दसऱ्याच्या सुमारास कुरिअरने पांढरा प्लास्टिकचा डबा आला. वर नुसतं ‘ॲड्रिनल सपोर्ट’ छापलेलं. घटक नाहीत, बॅच नंबर नाही, उत्पादकाचा पत्ता नाही. “ज्येष्ठमध, अश्वगंधा आणि एक बायो-आयडेंटिकल अर्क,” असं मॅडमनी व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं. सकाळी सातला दोन, अकराला एक, तीनला एक. त्याबरोबर थर्मामीटर. दिवसातून तीनदा तोंडात धरून ताप मोजायचा, सरासरी काढायची आणि ग्रुपवर टाकायची. सरासरी रोज सारखी आली तर ‘ॲड्रिनल स्थिर’. हलली तर एक कॅप्सूल वाढवायची.

आता विचार करा. माणसाचं तापमान सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असतंच. बायकांचं तर पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात आपोआप थोडं चढतं. म्हणजे कुठल्याही धडधाकट बाईचा तक्ता हलणारच आणि हलला की डोस वाढणारच. ग्रुपमध्ये एकीचाही डोस कमी झालेला मी पाहिला नाही.

आणि बरं वाटलं. हे सर्वांत महत्त्वाचं आहे, म्हणून ठासून लिहिते. आठवड्याभरातच असं बरं वाटलं की मी रडले. गुडघे दुखायचे थांबले, भूक लागली, दिवाळीचा सगळा फराळ एकटीने केला. रात्री दोनला जाग यायची आणि मी कपाटं आवरत बसायची. मॅडम म्हणाल्या, “बघा, बॅटरी चार्ज झाली.” स्टेरॉइडने बऱ्याच जणांना असंच वाटतं. आजार बरा झाल्याची ती खूण नसते, पण ज्या बाईला वर्षानुवर्षं बरं वाटलेलं नाही तिला कोण हे सांगणार?

याच भरात थायरॉइडची गोळी आधी अर्धी आणि मग बंद करायला लावली. ही गोळी बंद केल्याचं लगेच कळत नाही. रक्तातलं थायरॉक्सिन निम्म्यावर यायलाच आठवडाभर लागतो. वर ‘केसांसाठी’ म्हणून एक पुडी चालू केली होती. डिसेंबरमध्ये टीएसएच केला, १.९ आला. गोळीविना! माझा रिपोर्ट ग्रुपवर फुलांच्या चित्रांसकट झळकला आणि तो पाहून आणखी बायकांनी पैसे भरले. मला याचंच सर्वांत जास्त वाईट वाटतं.

तो रिपोर्ट कसा आला ते मला नंतर मिरजेच्या डॉक्टरांनी समजावलं. केसांच्या पुडीत बायोटिन हे जीवनसत्त्व होतं, मोठ्या मात्रेत. कित्येक लॅबच्या मशीनमध्ये बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर, म्हणजे थायरॉक्सिन, खोटा जास्त दिसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशाराही दिलाय. शिवाय जास्त मात्रेतलं स्टेरॉइड स्वतःच टीएसएच दाबतं. तुम्ही केसांसाठी बायोटिन घेत असाल तर थायरॉइडची तपासणी करण्याआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा.

शरीर मात्र खरं बोलत होतं. चेहरा गोल गरगरीत झाला. पतसंस्थेत सगळे म्हणायचे, तब्येत सुधारली. ब्लाउज मानेमागे दाटायला लागला, पण हातपाय काटकुळे. पाटावरून उठताना ओट्याला धरावं लागायचं. हात भरून बांगड्या घातल्या की संध्याकाळी मनगटावर निळे वळ. पोटावर जांभळे पट्टे उमटले, बोटाएवढे रुंद. मी फोटो पाठवले. उत्तर आलं, “टॉक्सिन्स बाहेर पडतायत ताई, घाबरू नका.”

संक्रांतीच्या सुमाराला पुढचं पार्सल आलंच नाही. विचारलं तर म्हणाल्या, “स्टॉक संपलाय. आठवडाभर गॅप चालेल, शरीर स्वतः शिकेल.” हे वाक्य माझ्याकडे लेखी आहे. दोन-चार दिवसांत उलट्या सुरू झाल्या. पाणीही ठरेना. तिळगूळ द्यायला आलेल्या शेजारच्या काकूंना दार उघडायला उठले आणि तिथेच पडले. यांनी रिक्षात घालून मिरजेला नेलं. बीपी ७० वर आलेलं.

तिथल्या कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरांनी माझा चेहरा पाहिला, पोटावरचे पट्टे पाहिले आणि यांना पहिला प्रश्न विचारला, “या कुठली पुडी, कॅप्सूल, देशी औषध घेतात का?” रक्त काढून ठेवलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे कॉर्टिसॉलचंच, १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. काही तासांत मी उठून बसले. रिपोर्ट आला तेव्हा कॉर्टिसॉल ०.६ होतं, सकाळी ते दहाच्या वर असायला हवं. ॲड्रिनलला हुकूम देणारा एसीटीएचही तळाला. हार्मोनच्या डॉक्टरांनी सांगितलं, “तुमच्या ग्रंथी निकामी असत्या तर एसीटीएच वर गेला असता. हा खाली आहे आणि चेहरा असा आहे, म्हणजे बाहेरून स्टेरॉइड आलंय. डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोनसारखं काहीतरी असेल, ते या तपासणीत दिसत नाही.” बाहेरून आयतं मिळत राहिलं की ग्रंथी काम सोडून देतात. तीन-चार आठवड्यांच्या वर हे चाललं आणि मग अचानक थांबलं, तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. ताप, जुलाब, ऑपरेशन असं काही आलं तर माणूस त्यातच जाऊ शकतो.

बायोटिन थांबवून पुन्हा टीएसएच केला. ४१.

आता मी हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्यांवर आहे, सकाळी १० आणि दुपारी ५ मिलिग्रॅम. तपासण्या करत हळूहळू कमी करायच्या, काही महिने लागतील. ताप आला तर डोस दुप्पट. पर्समध्ये तसं लिहिलेलं कार्ड ठेवते. थायरॉइडची गोळी पुन्हा चालू झाली. आणि तो मूळचा थकवा? हिमोग्लोबिन ९.४ निघालं. शिवाय थायरॉइडची गोळी मी चहाबरोबर घ्यायची आणि त्याच घासाला कॅल्शियमची. मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं की ही गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, अर्धा-पाऊण तास काही खायचं-प्यायचं नाही आणि कॅल्शियम-लोहात चार तासांचं अंतर ठेवायचं. दोनेकशे रुपयांची बाटली, ती नीट घेतली की काम करते. रिपोर्ट बघून ‘चालत जा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांनी दोन मिनिटं काढून हे सांगितलं असतं, तर मी त्या ग्रुपच्या दारातसुद्धा गेले नसते.

मॅडमना फोन केला. “तुमच्या बॉडीने डिटॉक्स रिॲक्शन दिली, ॲलोपॅथीवाल्यांनी घाबरवलंय.” दुसऱ्या दिवशी मला ग्रुपमधून काढलं, नंबर ब्लॉक. पैसे परत नाहीत.

मी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार दिलीय आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवलीय. स्टेरॉइड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. १९५४ च्या जादुई उपचार जाहिरातविरोधी कायद्याच्या यादीत गलगंड, मधुमेह, लठ्ठपणा अशी नावं आहेत आणि ते बरे करण्याच्या जाहिरातीच करता येत नाहीत. म्हणून त्यांचे ‘गलगंड मुळापासून बरा’वाले व्हिडिओसुद्धा मी तक्रारीला जोडले.

ग्रुपमधल्या काहीजणींना मी एकेकटीने मेसेज केले. एकीने मला शिव्या दिल्या. दुसरी जयसिंगपूरची, तिची शुगर कधी नव्हे ती २८० वर गेली होती. तिने सकाळचं कॉर्टिसॉल तपासलं, तेही तळालाच निघालं. ती आता माझ्याच डॉक्टरांकडे आहे. तुम्ही त्याच ग्रुपमधल्या असाल तर डबा फेकू नका, कुरिअरचं पाकीटही जपा. चॅट एक्सपोर्ट करून दुसऱ्या फोनवर ठेवा. व्हॉइस मेसेज वेगळे सेव्ह करा. तक्रारीबरोबर कॅप्सूल द्याल तेव्हा सगळ्या देऊ नका, थोड्या बंद डब्यात स्वतःकडे राहू द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.