पाको राबाल की फर्नान गोमेझ? सुरुवात कोणापासून करायची

स्पॅनिशच्या दोन लेव्हल झाल्या की बहुतेकांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं, वाचता येतं पण कानावर पडलेलं कळत नाही. मग सिनेमे बघायला घेतले जातात, बांदेरास होतो, बार्देम होतो, आणि त्यांच्या आधीच्या पिढीतल्या नटांपैकी कोणाचं बघू असा मेसेज मला येतो. मी कायम दोन नावं देते, फर्नांदो फर्नान गोमेझ आणि फ्रान्सिस्को राबाल, ज्याला अख्खा स्पेन पाको म्हणायचा. लगेच पुढचा प्रश्न, दोघांतला आधी कोण? प्रश्न रास्त आहे, कारण दोघांचेही सिनेमे दीडशेच्या वर आहेत आणि चुकीच्या टोकाने सुरू केलं तर माणूस दुसऱ्याच सिनेमाला कंटाळून सोडून देतो. मी सुरुवात केली ती फर्नान गोमेझच्या 1973 च्या 'एल एस्पीरितु दे ला कोल्मेना'ने, मधमाश्या पाळणारा बाप, गप्प घर, लांबच लांब शॉट. सिनेमा थोरच आहे पण त्यात तो बोलतोच इतकं कमी की मला ना भाषा मिळाली ना नट, आणि वर्षभर मी त्याच्या वाटेला गेले नाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आधी दोघं कुठून आले ते बघा, कारण पडद्यावरचा फरक तिथूनच येतो. फर्नान गोमेझ 1921 चा, आई कारोला नाटक कंपनीबरोबर दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना लिमामध्ये जन्मलेला. बाप म्हणजे मारिया गेरेरो ह्या स्पेनच्या त्या काळच्या सगळ्यात मोठ्या नटीचा मुलगा, पण त्या घराने ह्याला कधी नाव दिलं नाही, म्हणून आडनाव आईचं. वाढवला आजीने, आईच्या आईने, माद्रिदमध्ये. आज माद्रिदमध्ये मारिया गेरेरोच्या नावाचं थिएटर आहे आणि ह्या नातवाच्या नावाचंही आहे, दोन्ही एकाच शहरात, ही गोष्ट मला दर वेळी आत कुठेतरी लागते. राबाल 1926 चा, मुर्सिया भागातल्या आगिलास गावचा, बाप खाणीत कामाला. 1936 मध्ये कुटुंब माद्रिदला आलं, पोरगा रस्त्यावर वस्तू विकायचा, चॉकलेटच्या कारखान्यात राबला, आणि पुढे चामार्तिन स्टुडिओत इलेक्ट्रिशियन म्हणून लागला. म्हणजे लाइट लावता लावता कॅमेऱ्यासमोर आलेला माणूस. तो सीनमध्ये नुसता उभा राहिला तरी कष्टकरी वाटतो, ते त्याला कोणी शिकवलेलं नाही.

स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोची राजवट 1939 ते 1975, म्हणजे दोघांचीही उमेदीची वर्षं त्यातच गेली, आणि इथे दोघांच्या वाटा फुटतात. राबाल बाहेर पडला. दिग्दर्शक लुइस बुन्युएलने त्याला मेक्सिकोत 'नाझारिन'मध्ये पाद्री केला, सिनेमाला 1959 मध्ये फ्रान्सच्या कान फेस्टिव्हलला बक्षीस मिळालं, आणि दोघांचं इतकं जमलं की हा त्याला काका म्हणायचा आणि बुन्युएल ह्याला पुतण्या. मग 1961 चा 'विरिदियाना', कानला सगळ्यात मोठं पारितोषिक, व्हॅटिकनच्या पेपरने झोडपला आणि स्पेनने थेट बंदी घातली, ती 1977 पर्यंत. पुढे इटलीत अंतोनिओनी, फ्रान्समध्ये रिव्हेत, ह्या दिग्दर्शकांबरोबर काम. फर्नान गोमेझ मात्र देशातच राहिला, पोट भरायला मिळेल ते काम केलं, आणि त्यातून वेळ काढून स्वतःचे सिनेमे दिग्दर्शित केले. ते सेन्सॉरने अक्षरशः दाबून टाकले. 'एल मुंदो सिगे' 1963 मध्ये तयार होता, तो 1965 मध्ये बिल्बाओच्या एका थिएटरात लागला आणि धड प्रदर्शित व्हायला 2015 उजाडलं, तोवर फर्नान गोमेझला जाऊन आठ वर्षं झाली होती. त्यामुळे तुम्ही पारितोषिकांची यादी बघून ठरवणार असाल तर साठच्या दशकात राबाल खूप पुढे दिसेल, पण ती तुलना बरोबर नाही, एकाचं काम लोकांनी पाहिलं आणि दुसऱ्याचं पाहूच दिलं नाही.

राबालचा एक किस्सा सांगायलाच हवा. अमेरिकन दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनला 1971 च्या 'फ्रेंच कनेक्शन'मधल्या खलनायकासाठी बुन्युएलच्याच 'बेल द जूर'मध्ये पाहिलेला तो स्पॅनिश नट हवा होता, म्हणजे राबाल. कास्टिंगवाल्यांनी नावात गफलत केली आणि आला फर्नांदो रे, जो 'विरिदियाना'त राबालच्याच बापाच्या भूमिकेत होता. मग कळलं की राबालला इंग्रजी येत नाही, तेव्हा रेलाच ठेवला. फ्रीडकिनने 1977 मध्ये 'सॉर्सरर'मध्ये राबालला घेतलंच.

आता अभिनय. राबालचं सगळं काम अंगात असतं. 'विरिदियाना'त एक सीन आहे, बैलगाडीसारख्या गाडीच्या खाली कुत्रा दोरीने बांधलाय आणि तो गाडीबरोबर फरफटत पळतोय, राबालला ते बघवत नाही, तो पैसे देऊन कुत्रा सोडवतो आणि समाधानाने वळतो, आणि त्याच्या पाठीमागून उलट्या दिशेने दुसरी गाडी जाते, तिच्याखाली दुसरा कुत्रा बांधलेला, तो त्याला दिसतच नाही. सीन बुन्युएलचा आहे पण तो चालतो राबालच्या त्या वळण्यावर. आणि मग 1984 चा 'लोस सांतोस इनोसेंतेस', एस्त्रेमादुरातल्या जमीनदाराच्या शेतावरची गरीब माणसं, राबाल त्यात आसारियास, मंदबुद्धी म्हातारा. हाताला भेगा पडू नयेत म्हणून तो स्वतःच्या हातांवर लघवी करतो आणि ते अगदी सहज करतो, जसं आपण तेल चोळू, आणि पाळलेल्या पक्ष्याला खांद्यावर घेऊन तेच दोन शब्द परत परत म्हणतो, मिलाना बोनिता. ह्या कामासाठी कानला बेस्ट ॲक्टर, आल्फ्रेदो लांदाबरोबर विभागून. मी हा सिनेमा तीनदा बघितलाय आणि तिन्ही वेळा तो पक्षी आला की घशात येतं.

फर्नान गोमेझचं सगळं आवाजात आणि डोक्यात आहे. घुमणारा, खोल आवाज, आणि शब्द न् शब्द सुटा. त्याचा 1986 चा 'एल विआखे आ निंगुना पार्ते' म्हणजे कुठेही न जाणारा प्रवास, लेखक तोच, दिग्दर्शक तोच. गावोगाव फिरणारी एक नाटक मंडळी, सिनेमा आल्यावर हळूहळू उपाशी पडणारी. त्यात तो मंडळीचा म्हातारा प्रमुख डॉन आर्तुरो आहे, एकदा त्याला सिनेमात छोटं काम मिळतं, एखादं वाक्य, बस, पण आयुष्य रंगमंचावर गेल्यामुळे तो ते पार शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असंच म्हणतो, दिग्दर्शक सांगतो साधं बोला, तो परत तसंच म्हणतो, परत, परत, आणि शेवटी काम जातं. ज्या माणसाला कॅमेऱ्यासमोर कुजबुजून बोलायचं कसं हे पक्कं ठाऊक आहे त्याने ते न जमणाऱ्या नटाचं काम इतकं खरं करावं! ज्यांच्या घरात कोणी नाटकाच्या दौऱ्यांवर गेलेलं आहे त्यांनी तर हा आधी बघा. स्पॅनिश सिनेमाच्या पहिल्याच गोया पुरस्कारांत ह्याला सर्वोत्कृष्ट सिनेमा, दिग्दर्शन, पटकथा तिन्ही मिळालं, आणि त्याच वर्षी दुसऱ्या सिनेमासाठी अभिनयाचाही गोया त्यालाच. नाटककार म्हणूनही तो मोठा, यादवी युद्धातल्या माद्रिदवरचं 'लास बिसिक्लेतास सोन पारा एल वेरानो' स्पेनमध्ये अजून वाचलं जातं, आणि भाषेच्या रॉयल अकादमीत त्याला खुर्ची मिळाली होती, नटाला ती सहसा मिळत नाही.

मग ठरवायचं कसं? भाषेसाठी बघणार असाल तर विचारच करू नका, फर्नान गोमेझ, आणि सिनेमा 1999 चा 'ला लेंग्वा दे लास मारिपोसास'. 1936 मधलं गालिसियाचं गाव, तो शाळामास्तर डॉन ग्रेगोरिओ, मुलांना न मारणारा, वर्गात गोंधळ झाला की नुसता गप्प होणारा. मास्तर मुलांशी बोलतोय म्हणजे सावकाश आणि स्पष्ट बोलतोय, फुलपाखराची जीभ घड्याळातल्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते हे तो समजावतो तेव्हा सबटायटल बंद करून बघा, कळतं. राबालच्या आसारियासला हा हिशेब लागू नाही, तो तोंडातल्या तोंडात बोलतो, तिथे सबटायटल ठेवाच.

भाषेशी देणंघेणं नसेल, नुसता सिनेमा बघायचा असेल, तर राबाल आधी, आणि 'विरिदियाना'ने सुरुवात करा, 'नाझारिन' नंतर. दोन्ही हवं असेल आणि महिन्याचे चारच रविवार हातात असतील तर माझा क्रम असा: मास्तर, मग 'विरिदियाना', मग नाटक मंडळी, आणि आसारियास सगळ्यात शेवटी, कारण त्याच्यानंतर लगेच दुसरं काही बघवत नाही. मधमाश्यांवाला चार महिने तरी थांबवा.

पाचवा रविवार मिळाला तर दिग्दर्शक कार्लोस साउराचा 'गोया एन बुर्देओस' बघा, 1999 चा, राबाल त्यात फ्रान्समधल्या बोर्दोला परागंदा झालेला म्हातारा चित्रकार गोया आहे आणि त्याबद्दल त्याला अभिनयाचा गोया पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी, ऑगस्ट 2001 मध्ये, माँट्रियलच्या फेस्टिव्हलहून परतताना त्याला विमानातच मरण आलं, आणि विमान वळवून उतरवलं ते बोर्दोलाच. अस्थी आगिलासला नेल्या, त्याच्या गावाजवळ, बदामाच्या झाडाखाली.