मोठा टँक, दमट हॉल: डीह्युमिडिफायर घ्यावा की झाकण आणि एसी?

आमच्या हॉलमधल्या माशांच्या टँकचं पाणी रोज किती उतरतं, हे पहिली दोन वर्षं मी मोजलंच नव्हतं. सम्पमधली (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतली) पातळी खाली गेली की बादलीतून भर घालायची, एवढंच. मग एकदा सम्पच्या काचेवर खुणेची पट्टी चिकटवली आणि आठवडाभर मगाने मोजून पाणी घातलं. दिवसाला जवळजवळ चार लिटर निघाले. टँक सहा बाय दोन बाय दोन फुटांचा, वरून उघडा, खाली सम्पही उघडा.

ही चार लिटर वाफ कुठे जाते, याचा हिशेब सोपा आहे. आमचा हॉल १२ बाय १५ फुटांचा. २८ अंश तापमानाला एवढ्या खोलीतली हवा पूर्ण ओली झाली तरी तिच्यात सव्वा लिटरच्या आसपासच पाणी मावतं. बाकीचं खिडकीवाटे बाहेर गेलं तर ठीक, नाहीतर ते भिंतीत, पडद्यात, सोफ्यात आणि आईच्या साड्यांच्या कपाटात मुरतं. आमच्याकडे ते कपाटातच गेलं. मीठ आणि पोहे तर पावसाळ्यात सगळ्यांचेच सादळतात, म्हणून त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. पण कपाट हलवलं तेव्हा मागची भिंत काळपट, पोपडे सुटलेली, आणि कुबट वास. वरच्या मजल्यावरचं लिकेज समजून मी सोसायटीत अर्जसुद्धा दिला. प्लंबर वर जाऊन पाहून आला, तिथे सगळं कोरडं होतं. चूक माझी होती आणि वरच्यांना उगाच त्रास झाला, याचं आजही वाईट वाटतं.

कारण वेगळंच होतं. त्या भिंतीच्या पलीकडे बेडरूम आहे आणि तिथला एसी रात्रभर २२ वर चालतो. मधली भिंत गार पडते. हॉलमधली हवा इतकी ओली होती की २५-२६ अंशांच्या पृष्ठभागावरही तिला पाणी सुटत होतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसा भिंतीला येत होता. मोठा टँक आणि शेजारच्या खोलीत एसी असेल, तर आधी ती मधली भिंत हाताने चाचपून पाहा.

काहीही विकत घेण्याआधी एक आर्द्रतामापक घ्या. साधा डिजिटलही चालतो, फक्त तो खरं बोलतो का ते तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन दोन-चार थेंब पाण्याने ते ओलसर करायचं, विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचे. सकाळी ७५ टक्के दिसलं पाहिजे. माझा मापक ७० दाखवत होता, म्हणून मी प्रत्येक आकड्यात पाच मिळवतो. दीर्घकाळ ७० च्या वर राहिलं की बुरशी धरते, ६० च्या खाली राहिलं तर निश्चिंत.

एक्झॉस्ट फॅनबद्दल थोडक्यात सांगतो. डिसेंबर ते फेब्रुवारी तो उत्तम चालतो. तेव्हा दुपारची हवा कोरडी असते, नुसती खिडकी उघडी ठेवली तरी काम भागतं. पण ११ जूनच्या आसपास पाऊस सुरू झाला की फॅन जेवढी ओली हवा बाहेर टाकतो तेवढीच ओली हवा फटींतून आत येते. जुलैत सकाळी मुंबईची आर्द्रता ८५ ते ९० च्या घरात असते. त्यामुळे नेमकी गरज असते त्या चार महिन्यांत फॅनचा उपयोग नाही.

म्हणून मी आधी डीह्युमिडिफायर घेतला, म्हणजे हवेतली ओल काढून तिचं पाणी आपल्या टाकीत साठवणारं यंत्र. कॉम्प्रेसरवाला, दिवसाला २० लिटर क्षमतेचा. (छोटे, कॉम्प्रेसर नसलेले डबे टँकवाल्यांनी घेऊ नयेत. ते दिवसाला पेलाभर पाणी काढतात.) २० लिटर हा आकडा साधारणपणे ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो, त्यामुळे खोली कोरडी होत जाते तसं काढलेलं पाणीही कमी होतं. पण तक्रार करण्यासारखं काही नाही. यंत्र सांगितलेलं काम चोख करतं. हॉल चार तासांत ८८ वरून ६२ वर आला. पापड कुरकुरीत राहू लागले. भिंतीला एकही खिळा न मारता, आउटडोअर युनिटसाठी कुणाची परवानगी न घेता हे झालं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी ही बाजू मोठी आहे, हे मान्य करायलाच हवं.

त्याची टाकी भरली की यंत्र बंद पडतं, हे सगळे सांगतात. तेवढं मी चालवून घेतलं असतं. मला नडली ती उष्णता, आणि तिच्याविषयी दुकानात मला कुणी बोललं नव्हतं.

एक लिटर पाण्याची वाफ होताना ते जवळजवळ ०.६८ युनिट विजेएवढी उष्णता सोबत घेऊन जातं. म्हणून तर उघडा टँक हवेपेक्षा थोडा गार राहतो. डीह्युमिडिफायर त्या वाफेचं पुन्हा पाणी करतो आणि ती सगळी उष्णता खोलीत सोडतो. वर त्याने खाल्लेली वीजही शेवटी उष्णता होऊन तिथेच राहते. खिडक्या तर बंद ठेवाव्याच लागतात, नाहीतर तो सगळ्या मुलुंडची हवा सुकवत बसेल. पहिल्या आठवड्यातच हॉल २९ वरून ३२ वर गेला. "अरे, भट्टी पेटवलीस की काय घरात?" आई म्हणाली, आणि पंख्याखालची खुर्ची सोडून स्वयंपाकघरात जाऊन बसली.

माणसं उठून दुसऱ्या खोलीत जातात. माशांना ती सोय नाही. माझ्याकडे मिस केरळ आहेत, लाल पट्ट्याचे. हा आपल्या पश्चिम घाटातल्या वाहत्या, गार पाण्याचा मासा. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीसमूहाला सह्याद्रीवरून 'सह्याद्रिया' असं नाव दिलं, आणि आज तो धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत आहे. त्याला सांभाळायचं तर नीटच सांभाळलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. पाणी २८ वरून साडेतीसवर गेलं तसे ते फिल्टरच्या धारेखाली, पृष्ठभागाजवळ गोळा होऊन भराभर श्वास घ्यायला लागले. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

मग मी सगळे करतात तेच केलं. पाण्यावर वारा घालायला क्लिपचा पंखा लावला. पाणी दीड अंशाने उतरलं, पण रोजची भर साडेपाच लिटरवर गेली. म्हणजे पंख्याने वाफ वाढवली, ती काढायला यंत्र जास्त वेळ चाललं, त्यामुळे हॉल आणखी तापला आणि पंखा बंद करायची सोय राहिली नाही. शिवाय हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त. दोन यंत्रं एकमेकांविरुद्ध चालत होती आणि बिल मी भरत होतो. मासे ज्या पाण्यात होते ते मात्र जेमतेम सुसह्य. ऑगस्टच्या शेवटी मी हा खेळ थांबवला.

पुढच्या वर्षी उलट टोकाकडून सुरुवात केली. वाफ हवेत गेल्यावर पकडण्याऐवजी ती टँकमध्येच अडवायची. काचवाल्याकडून सरकत्या काचेची झाकणं कापून घेतली, कडा घासून. मागच्या बाजूला पाइपांसाठी खाचा आणि दोन बोटांची फट ठेवली, सम्पवरही तसंच झाकण टाकलं. सम्पचं विसरू नका, खळखळतं पाणी तिथेच असतं. अ‍ॅक्रिलिक मी टाळलं, कारण खालच्या बाजूने ओल धरून ते वाकतं. रोजची भर चार लिटरवरून एक लिटरच्या खाली आली. पृष्ठभागावर पाणी हलतं ठेवलं आणि फट राखली तर प्राणवायूची अडचण येत नाही, निदान मला आली नाही. मिस केरळ उड्या मारण्यात पटाईत आहेत, तीही काळजी मिटली.

झाकणाच्याही कटकटी आहेत. आतून शेवाळ धरतं, दर आठवड्याला पुसावं लागतं, नाहीतर झाडांना प्रकाश कमी पडतो. मुंबईचं तलावांचं पाणी तसं मऊ, त्यामुळे काचेवर क्षारांचे पांढरे डाग फारसे पडत नाहीत, एवढा दिलासा. वाफ अडवली की पाणीही थोडं गरम राहतं. पावसाळ्यात ते एखादाच अंश असतं. एप्रिल-मेमध्ये मात्र मी झाकणं काढून ठेवतो, खिडक्या उघडतो आणि पंखा लावतो. तेव्हा ती वाफ हवीच असते.

नुसत्या झाकणाने हॉल ७८-८० वर आला. घर बाहेरच्यापेक्षा ओलं होणं थांबतं ते झाकणामुळे, पण बाहेरच्यापेक्षा कोरडं करायचं तर यंत्राशिवाय गत्यंतर नाही. आधी तोच डीह्युमिडिफायर झाकणासोबत दोन आठवडे चालवून पाहिला. टाकी उशिरा भरू लागली, पण बाहेरून शिरणारी ओल काढताना हॉल तापायचा तो तापलाच, आणि झाकलेल्या पाण्याला गार व्हायला वाटच नव्हती. मग हॉलमध्ये एसी घेतला. एसीही हवेतलं पाणी तसंच काढतो, फक्त उष्णता खिडकीबाहेर टाकतो. पाणीही नळीने बाहेर जातं, टाकी रिकामी करायची भानगड नाही. संध्याकाळी अडीच-तीन तास ड्राय मोड (एसीची हवा कोरडी करायची सेटिंग) चालवला की हॉल ६० च्या आसपास येतो, सकाळपर्यंत ७० ला पोचतो. ड्राय मोडच लावा. इन्व्हर्टर एसी २७ वर ठेवला तर कॉम्प्रेसर मंदावतो, कॉइल पुरेशी गार होत नाही आणि खोली गार पण दमट राहते. टँकचं पाणी २७ च्या आसपास टिकतं. भिंत गेल्या पावसाळ्याआधी रंगवली, अजून तरी स्वच्छ आहे.

खर्च पाहता एसी महाग पडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. डीह्युमिडिफायर मला वीस हजारांच्या आत मिळाला होता, एसीला बसवण्यासकट दुपटीहून जास्त लागले. घर भाड्याचं असेल, बाहेर युनिट लावायला जागा नसेल, किंवा टँकमध्ये ३० अंशांत आनंदाने राहणारे डिस्कस मासे असतील, तर माझा अनुभव तुम्हाला लागू पडणार नाही कदाचित. समुद्री टँकवाल्यांना घट्ट झाकण परवडत नाही, आणि त्यांचा चिलर (टँकचं पाणी गार करणारं यंत्र) आधीच खोलीत उष्णता सोडत असतो. त्यांना तर मी एसीच सुचवेन. बाकी गोड्या पाण्याच्या टँकवाल्यांनी काहीही ठरवण्याआधी काचवाल्याला बोलवावं. त्याचं बिल या सगळ्यात सर्वांत लहान असतं, आणि यंत्र नंतर कुठलंही घेतलं तरी ते लहान क्षमतेचं पुरतं.

डीह्युमिडिफायर मी विकला नाही. तो आता मागच्या छोट्या खोलीत असतो. दार बंद करून तिथे दोरीवर कपडे टाकले की जुलैतसुद्धा रात्रीत वाळतात, आणि त्या खोलीत मासे नसल्यामुळे ती तापली तरी हरकत नाही. आईच्या साड्यांचं कपाटही आता तिथेच हलवलं आहे.