छोट्या होडीवर स्ट्रायकर ४ : पडद्याइतकीच पट्टी महत्त्वाची

गार्मिनचा स्ट्रायकर ४ हा साडेतीन इंची पडद्याचा फिशफाइंडर (पाण्याखालचा तळ आणि मासे दाखवणारं यंत्र) गेल्या हंगामापासून आमच्या फायबरच्या होडीवर आहे. होडी लहान, मागे आउटबोर्ड, माणसं तीन. मालवणच्या बाहेर खडपांवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकांवर, गरवायला जातो. जाळं नाही, गरीच. हे आधीच सांगतो, कारण ज्याला रापण ओढायची आहे किंवा खाडीत कमरेएवढ्या पाण्यात पाग टाकायचा आहे, त्याच्या कामाचं हे यंत्र नाही.

यंत्र सुरू करण्यात काही विशेष नाही. लाल तार, काळी तार, मध्ये पुस्तिकेत सांगितलेला फ्यूज. यूपीएसमध्ये असते तसली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी झाकणाच्या डब्यात ठेवली आणि झाकणाला भोक पाडून वायर बाहेर काढली. पाव अँपिअरच्या आतच वीज लागते, त्यामुळे पहाटे निघून दुपारी परत येईपर्यंत चिंता नसते. ज्यांच्या इंजिनाला सेल्फ-स्टार्ट आहे त्यांनीही ही बॅटरी वेगळीच ठेवावी. इंजिनाच्या वायरिंगवर जोडलं की पडदाभर फुकटचे ठिपके दिसू शकतात.

खरी कटकट ट्रान्सड्यूसरची, म्हणजे पाण्यात राहून ध्वनी सोडणाऱ्या आणि त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या भागाची. होडीला भोकं पाडायची नाहीत म्हणून ऑनलाइन एक रबरी चोषकाचा स्टँड मागवला होता. जेटीवर, कोरड्या फायबरवर तो असा बसला की ओढून निघेना. बाहेर थोडी लाट लागली, होडीच्या अंगावरचं शेवाळ ओलं झालं आणि स्टँड गेला पाण्यात. वेगळी दोरी बांधलेली होती म्हणून ट्रान्सड्यूसर वाचला. लाकडी होडीवर तर असला चोषक धरणारच नाही.

मग सुताराकडून सागवानी पट्टी करून घेतली. वर सी-क्लॅम्प, मध्ये स्टीलची बिजागरी, खाली ट्रान्सड्यूसर. गरवताना पट्टी पाण्यात, इंजिन पळवताना वर. क्लॅम्प मागच्या फळीवर, इंजिनाच्या पंख्यापासून शक्य तेवढा लांब बसवा. ध्वनिलहरी पाण्यातून सेकंदाला साधारण दीड हजार मीटर जातात, पण मध्ये बुडबुडे आले की तिथेच अडतात. पंख्याचा फेस ट्रान्सड्यूसरवर आला की पडद्यावर नुसता गोंधळ. आणखी एक गोष्ट: पट्टीची उंची किनाऱ्यावर ठरवू नका. दोन माणसं मागे बसली की नाळ (होडीचं पुढचं टोक) वर उचलते आणि ट्रान्सड्यूसर तिरका होतो. सगळे आपापल्या जागी बसल्यावर, होडी पाण्यात असतानाच तो सपाट करून घ्या.

सेटिंगमध्ये पाण्याचा प्रकार खारा करा, माशांची चित्रं बंद करा आणि खोलीचं माप मीटरवरून वावावर (एक वाव म्हणजे सहा फूट) न्या. हे शेवटचं मला फार आवडलं. आमचे आबा जन्मभर वावातच बोलत आले. पहिल्या दिवशी पडद्याकडे बघून म्हणाले, "माका काय एक दिसना नाय. वाव किती ता सांग." आता स्वतःच वाचतात आणि आकडा चुकीचा वाटला तर शिसं सोडून ताडून बघतात. बहुतेक वेळा यंत्र बरोबर निघतं.

आता मासे. पडद्यावर दिसतं ते खालचं चित्र नव्हे. उजव्या कडेला आत्ताचा प्रतिध्वनी, बाकी सगळं होऊन गेलेलं. होडी नांगरलेली असली आणि मासा खाली थांबला, तर झोतातून पार होणाऱ्या माशाची उमटते तशी कमान न येता लांब रेघ येते. २०० किलोहर्ट्झचा ध्वनीचा झोत साधारण १५ अंशांचा, म्हणजे १० मीटर खोलीवर जेमतेम अडीच मीटरचं वर्तुळ. ७७ वर तेच आठ मीटरच्या आसपास. बाजूने कळप गेला तर पत्ताही लागत नाही. शिवाय प्रतिध्वनी मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो. घोळीचं जे बोत एवढ्या भावाने विकलं जातं, तीच ती पिशवी. मोरी-वागळीला (शार्क आणि रे) ती नसते, म्हणून त्या अंधुक दिसतात.

माझ्या मते पैसे वसूल होतात ते तळ वाचण्यात. चिखल असला की फिकी रेघ, खडप असलं की ठळक, आणि पडद्यावर दाखवायच्या खोलीचा पट्टा खऱ्या खोलीच्या दुपटीहून जास्त ठेवला तर खाली दुसरी रेघही उमटते. ती दुसरी रेघ दिसली की आम्ही गऱ्या सोडतो. गोबरा, तांबोशी तिथेच. जागा जीपीएसवर खूण करून ठेवता येते. नकाशा मात्र यात नाही, कोऱ्या पडद्यावर आपल्याच खुणा. पूर्वी डोंगर आणि माड जुळवून ठरवायची ती जागा आता धुक्यातही सापडते. आबा अजून माडच बघतात, त्याला माझी हरकत नाही.

कागदावर खाऱ्या पाण्यात ७५० फूट खोलीपर्यंत चालतं असं लिहिलंय. आम्ही वीस वावांच्या पुढे जात नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. पडदा उन्हात दिसतो, पण लहान आहे. चष्मा असलेल्यांनी परवडत असेल तर मोठा घ्यावा.

घरी आल्यावर ट्रान्सड्यूसर आणि जोडण्या गोड्या पाण्याने पुसा. पावसाळ्यात होडी वर काढली की बॅटरी डब्यात तशीच विसरू नका, महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा.