चॅटमधल्या मंडळींना बक्षीस द्यायचंय: ट्विच, सुपर चॅट की बॉटचे पॉइंट्स?

ऐरोलीतला माझा मावसभाऊ रात्री जेवणं उरकली की यूट्यूबवर मराठीत गेम स्ट्रीम करतो, म्हणजे खेळता खेळता थेट दाखवतो. बघायला वीसेक जण असतात, बहुतेक कळवा, घणसोली, ठाणे पूर्व इथले. आता त्याला त्यांच्यासाठी काहीतरी सुरू करायचंय: बसून पॉइंट्स जमवा आणि त्या बदल्यात माझ्याकडून हवं ते करून घ्या. मार्ग तीन आहेत: ट्विच (गेम थेट दाखवायचा यूट्यूबसारखाच मंच), यूट्यूबचं सुपर चॅट (पैसे देऊन चॅटमध्ये उठून दिसणारा मेसेज) किंवा बॉट (चॅटवर लक्ष ठेवून आपोआप पॉइंट्स देणारा प्रोग्राम). माझं मत आधीच सांगतो: त्याच्यासारख्याने यूट्यूबवर राहावं आणि बॉट जोडावा. पण सोयी सर्वांत चांगल्या ट्विचकडे आहेत, हेही तितकंच खरं. म्हणून सुरुवात तिथूनच.

ट्विचवर 'चॅनल पॉइंट्स' आतच बांधलेले आहेत, डिसेंबर 2019 पासून. अफिलिएट किंवा पार्टनर झालात, म्हणजे ट्विचने कमाईसाठी मंजूर केलेलं चॅनल झालात, की सुरू करता येतात. प्रेक्षकाला बघण्याचे दर पाच मिनिटांना 10 पॉइंट्स मिळतात, शिवाय दर पंधरा मिनिटांनी चॅटखाली येणाऱ्या बोनसच्या पेटीवर क्लिक केलं की 50. म्हणजे पैसे भरून सबस्क्रिप्शन न घेतलेल्याला तासाला 320. बक्षिसाचा भाव ठरवायचा तो या आकड्यावरून. 'पुढची मॅच फक्त पिस्तुलावर' हे बक्षीस 300 ला ठेवलंत तर आज पहिल्यांदा आलेला पोरगाही तासाभरात ते घेऊ शकतो. तेच 5000 ला ठेवलंत तर त्याला पंधरा-सोळा तास बसावं लागेल. दोन तासांचा स्ट्रीम धरला तर आठ रात्री. एवढा तो कशाला थांबतोय!

स्वस्त ठेवलं की वेगळीच भानगड. वीस जण दोन तास बसले तर एका रात्रीत 12,800 पॉइंट्स तयार होतात. 300 च्या भावाने बेचाळीस पिस्तूल मॅचेस! इथे बरेच जण भाव वाढवून मोकळे होतात आणि तिथेच फसतात. जुन्या मंडळींकडे पॉइंट्सचा साठा पडलेला असतो, त्यांना काही फरक पडत नाही. मार बसतो तो नव्याला. त्यापेक्षा भाव तोच ठेवून संख्येवर मर्यादा घाला. एका स्ट्रीममध्ये किती वेळा, एका माणसाला किती वेळा आणि दोन वेळांमध्ये किती कूलडाउन (थांबायचा वेळ), हे तिन्ही ट्विचवर ठरवता येतं. 300 पॉइंट्स, रात्रीत तीनदा, एकाला एकदाच. विषय संपला. एखादी मागणी पुरी करणं जमलं नाही, तर आलेल्या मागण्यांच्या रांगेतून ती नाकारायची. पॉइंट्स आपोआप परत जातात. ही परतीची सोय मला सगळ्यांत आवडते, कारण स्ट्रीमवर भांडणं होतात ती याच गोष्टीवरून.

मग ट्विच का नको? कारण प्रेक्षक. आपल्याकडच्या कॉलेजच्या पोराच्या फोनमध्ये यूट्यूब आधीपासून असतं. ट्विच त्याला मुद्दाम डाउनलोड करावं लागतं, खातं उघडावं लागतं. पिस्तूल मॅचसाठी इतकी खटपट कोण करणार?

सुपर चॅटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चॅनल पात्र व्हायला 500 सबस्क्रायबर, 90 दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ आणि वर्षभरात 3000 तास पाहणं (किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 30 लाख व्ह्यूज) लागतात. आलेल्या रकमेतले 30 टक्के यूट्यूब ठेवतं. मिळाले तर जरूर घ्या, पण बक्षीस म्हणून ते लंगडं आहे. मेसेज रंगीत होऊन वर थांबतो, पुढचं सगळं तुम्ही तोंडाने निभवायचं. आणि आपल्या प्रेक्षकाकडे वेळ भरपूर आहे, पैसे नाहीत. 'सुपर चॅट करणाऱ्यांमधून लकी ड्रॉ' ही कल्पना तर डोक्यातूनच काढा; यूट्यूबच्या नियमांनुसार स्पर्धेत भाग घेणं फुकटच असावं लागतं.

राहिले बॉट. स्ट्रीमलॅब्सचा क्लाउडबॉट किंवा स्ट्रीमएलिमेंट्स यूट्यूबला जोडता येतात आणि क्लाउडवर चालत असल्यामुळे घरच्या पीसीवर ताण येत नाही. पॉइंट्सचं नाव, वेग, भाव सगळं आपल्या हातात. खोच एकच: यूट्यूबवर बॉटला चॅटमध्ये लिहिणारेच दिसतात. गप्प बसून दोन तास बघणाऱ्याला काहीच मिळत नाही. मावसभावाला हा दोष वाटला. मला वाटत नाही. वीस जणांच्या स्ट्रीममध्ये बोलणारे वाढले तर हवंच आहे. मात्र 'हाय', 'हाय'चा पाऊस सुरू झाला तर स्लो मोड लावावा लागतो, म्हणजे एकाला दोन मेसेजमध्ये थोडं थांबावं लागतं. बटण दाबून बक्षीस घ्यायची सोय इथे नाही, कमांड टाइप करावी लागते. चुकलेले पॉइंट्स परत द्यायला एक भरवशाचा मॉडरेटर (चॅट सांभाळणारा) लागतो.

यूट्यूबवर आणखी एक सेटिंग विसरू नका: लेटन्सी, म्हणजे तुम्ही केलेलं प्रेक्षकाला दिसेपर्यंतचा उशीर. 'नॉर्मल'वर ठेवलंत तर पोराने पॉइंट्स खर्च केल्यावर त्याचा परिणाम दिसेपर्यंत त्याने दुसरा व्हिडिओ उघडलेला असतो. 'अल्ट्रा लो'वर उशीर बहुतेकांसाठी पाच सेकंदांच्या आत येतो. त्यात 1440पी आणि 4के चालत नाही, पण 1080पीवर खेळणाऱ्याचं त्यात काय जातंय.

बक्षिसं कोणती ठेवायची, यात तंत्रापेक्षा घराचा विचार जास्त. 'ओरडून दाखव' ट्विचवर गाजतं, पण वन बीएचकेमध्ये रात्री अकराला ओरडलात तर दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात. मावसभावासाठी मी सुचवलेलं बक्षीस आहे 'पाच मिनिटं आगरीत कॉमेंट्री'. खर्च शून्य आणि दिवा-घणसोलीची पोरं त्यासाठी रांग लावतील. पॉइंट्सच्या बदल्यात रिचार्ज किंवा रोख रक्कम मात्र नको, विशेषतः पॉइंट्स लावून जिंकेल-हरेलचे अंदाज घेत असाल तर. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला आहे. आपण त्या वाटेला जायचंच कशाला?

ज्यांचे प्रेक्षक पीसीवर खेळणारे आहेत आणि ट्विचचं खातं आधीपासून बाळगून आहेत, त्यांनी मात्र बॉटच्या फंदात न पडता थेट चॅनल पॉइंट्स घ्यावेत.