ओपिनेल नंबर ८ : संग्रहात असूनही रोज हातात येणारा चाकू

जुन्या घडणीचे घडीचे चाकू जमवायचे तर पहिला कोणता घ्यावा, असं विचारणाऱ्याला मी एकच नाव सांगते. ओपिनेल, नंबर ८, आणि तोही कार्बन पोलादाच्या पात्याचा. माझ्याकडे जपानमधल्या मिकी शहराचा हिगोनोकामी चाकू आहे, फ्रान्सचा मधमाशीची खूण असलेला लायोल आहे. घरी आलेल्यांना ते हौसेने दाखवते. पेरू कापायला मात्र ओपिनेलच काढते.

फ्रान्सच्या आल्प्समध्ये, साव्हॉय भागात, हत्यारं घडवणाऱ्या घरातल्या जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये तो बनवला. गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूचे शेतकरी. १८९७ पासून १ ते १२ असे आकार ठरले. त्यातले १ आणि ११ पुढे बंद झाले. पात्यावरची मुकुट आणि आशीर्वादाचा हात ही छापखूण १९०९ ची.

पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते ज्याने डोळे भरून पाहिलेत, त्याला ओपिनेल पहिल्यांदा उघडाबोडका वाटेल. ना मोर, ना घोडा, ना पितळेची वेलबुट्टी. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची गोलसर मूठ, तिला पात्यासाठी पाडलेली खाच, एक रिव्हेट, दोन कड्या. बस्स. पण यातली बाहेरची कडी नीट बघा. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेलने ती बसवली, तिला व्हिरोब्लॉक म्हणतात. कडीला एक फट आहे. फट खाचेसमोर आली की पातं उघडतं. कडी थोडी फिरवली की उघडं पातं बोटांवर मिटत नाही. २००० पासून मिटलेलं पातंही तिनेच अडवता येतं. हिगोनोकामीला असा अडसर नाही, तिथे पात्यामागची पट्टी अंगठ्याने दाबून धरावी लागते. स्प्रिंग नाही, बटण नाही, त्यामुळे बिघडण्यासारखं फार काही उरतच नाही. इतकी साधी आणि इतकी पूर्ण कल्पना मला दुसऱ्या कुठल्याच चाकूत दिसलेली नाही.

पातं साडेआठ सेंटिमीटर लांब आणि दोन मिलिमीटरपेक्षाही पातळ. पेरू, काकडी, पावाची लादी, सगळं दाब न देता कापतं. पोलादात कार्बन साधारण ०.९ टक्के, म्हणून साध्या दगडावर चार हात फिरवले की धार परत येते. याच पोलादाला गंजही चढतो. कैरी किंवा लिंबू कापून तसंच ठेवलं तर पातं काळं पडतं, फोडीला लोखंडाची चव लागते. लोखंडी विळीवर चिंच-कैरी चिरलेल्या घरांत हे वेगळं सांगायला नको. धुवायचं, लगेच कोरडं करायचं, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. वापरता वापरता पात्यावर निळसर-करडी झाक येते. ती घासून काढू नका, तांबड्या गंजाला तीच थोडीफार थोपवते.

पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं खाचेत आवळून बसतं, नखाने ओढून निघत नाही. साव्हॉयच्या लोकांची यावर युक्ती आहे: कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं. पात्याचं टोक वर येतं. कोकणात राहणाऱ्यांनी मुठीला अधूनमधून जवसाचं तेल मुरवावं. चाकू रात्रभर ओला मात्र कधीच ठेवू नये.

फ्रान्समध्ये किंमत पंधरा युरोंच्या आतबाहेर. कुणी तिकडून येणार असेल तर मागवा, पण सामान चेक-इन करायला सांगा. केबिनच्या बॅगेत तो चालणार नाही. घेताना पात्यावरचा शब्द वाचा: ‘कार्बोन’ म्हणजे मी सांगतेय तो, ‘इनॉक्स’ म्हणजे न गंजणारा. ज्यांना पुसापुशीचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल इनॉक्स घ्यावा, तोही चांगलाच आहे. आणि घरात हाताशी येणारी मुलं असतील तर नंबर ७ मध्ये गोल टोकाचा, खास मुलांसाठी केलेला मिळतो. माझ्या भाचीसाठी मी तोच मागवला आहे.